पस्तीस किलोंची मालकी

हिराबाई ओव्हाळ यांची मोटारसायकल खाटेखाली राहते. लोणावळ्यात, भांगरवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत येणारा पाहुणा त्याच खाटेवर बसतो, चहा पितो, शनिवार-रविवारच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो, आणि आपण एका इंजिनावर बसलो आहोत हे त्याला कळत नाही. काहींना पेट्रोलचा वास येतो. ते इकडंतिकडं बघतात. हिराबाई आपणहून काही सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर वाकून चादरीचा काठ वर करतात आणि पाहुण्याच्या तोंडाकडं बघत राहतात.

ती बाहेर काढली तर अशी दिसते: पोळपाटाहून थोडी मोठी दोन चाकं, त्यांच्यामध्ये लांबोडका सांगाडा आणि पोटात एक लहानसं काळं इंजिन. हँडलचे दोन्ही हात स्क्रू सैल करून आत मिटतात. सीट आपल्या नळीत खाली उतरते. पाय ठेवायचे दांडे वर वळतात. मग तिची मोटारसायकल राहत नाही, झोपलेल्या वासराएवढा लोखंडाचा ऐवज उरतो. वजन पस्तीस किलो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर विमानातून खाली टाकायला विलायतेत असल्या गाड्या केल्या होत्या. नळकांड्यात भरून पॅराशूटने सोडायच्या, खाली पोचल्यावर उलगडायच्या आणि निघायचं. ही गाडी कुठल्या आभाळातून पडली की पडलीच नाही, हे कुणाला माहीत नाही. युद्ध संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात तुंगार्लीच्या एका पारशी गृहस्थांनी ती घेतली, तळ्याला दोन चकरा मारल्या, आणि बंगल्याच्या गॅरेजात ठेवून दिली. पुढं ते गेले. गाडी तिथंच राहिली.

त्या बंगल्यावर हिराबाईंचे वडील भिमाजी माळीही होते आणि राखणदारही. मूळचे तिकोना पेठेचे. दर शनिवारी ते गॅरेज उघडत, रॉकेलच्या बोळ्यानं गाडीची नळीन्‌नळी पुसत आणि पुन्हा पोतं टाकत. कुणी सांगितलं नव्हतं. मालक गेल्यावर ती कुणी चालवणार नव्हतं. पण गंज चढताना बघत बसणं त्यांना जमत नसे.

हिराबाई नर्सिंगचा कोर्स करून आल्या आणि पवनेच्या बाजूला उपकेंद्रावर लागल्या, ते साल अठ्ठ्याहत्तर. धरणाचं पाणी चढून सहा-सात वर्षं झाली होती. पूर्वी ज्या गावाला अर्ध्या तासात चालत जाता येई, ते आता पाण्यापलीकडं गेलं होतं. होडीनं पाणी ओलांडायचं आणि पलीकडं उतरून पाच-पाच, सात-सात मैल वाड्यावस्त्या तुडवायच्या. खांद्याला औषधांची पिशवी, गळ्यात लसीचा थर्मास. थर्मासमधला बर्फ माणसाची वाट बघत नाही. शेवटच्या वाडीला पोचेपर्यंत त्याचं कोमट पाणी होई, आणि त्या वाडीतल्या पोरांना तशीच सोडून परतावं लागे.

वर्षभरानं एकदा त्या वडिलांना भेटायला तुंगार्लीला गेल्या, तेव्हा बंगल्याच्या मालकीणबाई, खोरशेदबाई, व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी हिराबाईंच्या पायांकडं बघितलं. टाचा फुटून भेगांत माती बसली होती. खोरशेदबाईंनी काय काम, किती चालावं लागतं, सगळं विचारलं, आणि शेवटी एक विचित्र प्रश्न केला.

“तुझ्या होडीत काय काय मावतं?”

हिराबाईंनी सांगितलं, माणसं मावतात, भाताची पोती मावतात, एकदा म्हशीचं रेडकू मावलं होतं.

खोरशेदबाईंनी भिमाजींना गॅरेज उघडायला सांगितलं.

दिलेल्या वस्तूचा कागद झाला नाही. करावा लागतो हे खोरशेदबाईंना सुचलं नाही, आणि मागावा हे भिमाजींना. गाडीचे सरकारी कागद तर आधीपासूनच नव्हते, आणि पाण्यापलीकडं ते विचारणारा पोलीसही नव्हता.

गाडीला किक नाही. धावत ढकलायची, इंजिनानं धरलं की उडी मारून बसायचं. गिअर नाही, दिवा नाही. ब्रेक आहे तो मागच्या चाकाला, तोही स्वतःच्या मर्जीचा. हिराबाई तळ्याच्या बांधावर शिकताना आठ दिवस पडत राहिल्या. नवव्या दिवशी पांढऱ्या साडीचा ओचा घट्ट खोचून, पायांत वडिलांचे कॅनव्हासचे बूट घालून त्या बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. भिमाजी मागं धावत होते. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, किती ते मापानं नाही तर धुराच्या रंगावरून ठरवायचं, हे दोघं मिळून शिकले.

होडी सीतारामभाऊंची होती. त्यांचं भाताचं खाचर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, आणि आता ते त्याच खाचरावरून वल्ही मारत. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी ती चारी बाजूंनी बघितली आणि होडीच्या बरोबर मध्यावर, तळाला आडवी ठेवायला लावली. बाकीच्यांनी तक्रार केली, आमच्या बसायच्या जागेवर लोखंड कशाला.

“मानसं हलत्यात,” सीतारामभाऊ म्हणाले, “ही हलत न्हाई. मधी तीच बसनार.”

पलीकडच्या काठाला मात्र पहिल्याच फेरीत घोटाळा झाला. आणीबाणी उठून दोनच वर्षं झाली होती. नसबंदीच्या शस्त्रक्रियेच्या कॅम्पसाठी माणसं जीपमध्ये कोंबून नेलेली लोकांच्या डोळ्यांपुढं होती. त्यात पांढऱ्या साडीतली नरसबाई होडीतून उतरली, तिच्याबरोबर दोन माणसांनी एक लोखंडी यंत्र उतरवलं, आणि बाईनं काठावर बसून त्या यंत्राचे दांडे फाकवायला घेतले. पहिल्या वाडीत त्या पोचल्या तेव्हा सोळा ते साठ वयाचा एकही पुरुष घरात नव्हता. सगळे तिकोना किल्ल्याच्या कुशीत, करवंदीच्या जाळ्यांत. बायका दारांत उभ्या, तोंडाला पदर लावून. एक म्हातारा तेवढा ओट्यावर बसला होता, त्याला पळता येत नव्हतं.

“नरसबाई,” तो म्हणाला, “माजं वय झालंय. ते मशीन माज्यावर चालवून काय फायदा न्हाई.”

हिराबाईंनी त्याला समजावलं नाही. गाडी धावत ढकलली, उडी मारून बसल्या, आणि वाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला पोरं मागं पळायला लागली. संध्याकाळी पुरुष एकेक करून खाली उतरले, अंगावर काटे टोचलेले. हिराबाईंनी त्यांनाही धनुर्वाताची सुई टोचली.

त्या दिवसापासून थर्मासमधला बर्फ शेवटच्या वाडीपर्यंत बर्फच राहू लागला. हे एक वाक्य हिराबाई कुणालाही सांगतात, आणि एवढंच सांगतात. बाकीचं विचारून काढावं लागतं. ती गाडी दोघांना नेऊ शकत नाही, म्हणजे पेशंटला तिचा काही उपयोग नव्हता. पण एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, तिला डोलीत घालून माणसं डोंगर उतरत होती, तेव्हा हिराबाई पुढं निघाल्या. काठावर पोचल्या तर होडी सुटून कासराभर आत गेलेली. त्यांनी गाडी तशीच पाण्यात घातली, इंजिन बुडेपर्यंत, आणि ओरडल्या. सीतारामभाऊंनी होडी वळवली. बाई वाचली. गाडी सुकवायला तीन दिवस लागले.

एकोणीस वर्षं ती गाडी अशी उघडली आणि मिटली. मग पलीकडं रस्ता आला, जीप आली, हिराबाईंची बदली झाली. उपकेंद्राच्या खोलीतून गाडी भांगरवाडीच्या खाटेखाली आली. महिन्यातून एकदा त्या तिला अंगणात काढतात, चालू करतात, ऐकतात, बंद करतात.

या सगळ्यात एक गोष्ट हिराबाईंना कधी रुचली नाही. दर वर्षी मे महिन्यात खोरशेदबाईंचं सगळं गोत मुंबईहून तुंगार्लीला येई: मुलं, सुना, नातवंडं. त्याच आठवड्यात भिमाजी हट्टानं गाडी बंगल्यावर आणायला लावत. होडीतून इकडं, मग एसटीच्या टपावर. भिमाजी ती पुसून, उलगडून व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी उभी करत आणि स्वतः एक पायरी खाली, टोपी हातात घेऊन थांबत. बाईंनी बघायची, सगळ्या घरानं बघायची. एक रात्र गाडी गॅरेजात. दुसऱ्या दिवशी परत.

पहिल्या वर्षी हिराबाई पायऱ्यांपर्यंत गेल्या आणि बाई काही बोलायच्या आतच मागं फिरल्या. सरकारी नोकरीतली बाई, स्वतःच्या पगारावर घर चालवणारी, आणि आपलीच वस्तू हजेरीला उभी केलेली. परतताना त्या वडिलांवर उसळल्या. आबा, आपण चोरी केलीय का?

“केली न्हाई म्हनून तर दावायची,” भिमाजी म्हणाले. “चोरीची वस्तू मानूस झाकतो. आपली हाय ती धा जनांच्या म्होरं उभी करायची.”

पुढच्या वर्षापासून हिराबाई फाटकाच्या आत आल्या नाहीत. गाडी वडिलांच्या ताब्यात द्यायच्या आणि बाहेर रस्त्यावर उभ्या राहायच्या. आत काय बोलणं होई ते त्यांनी विचारलं नाही. भिमाजी बाहेर येऊन एवढंच म्हणत, बघितली बाईंनी. अठ्ठ्याऐंशी साली भिमाजी गेले, तेव्हा ही दरवर्षीची हजेरी बंद झाली. पुढं खोरशेदबाईही गेल्या.

मागच्या वर्षी सोमाटण्याचा प्रदीप नावाचा एक माणूस भांगरवाडीत आला. जुन्या गाड्या गोळा करणाऱ्यांची जी मंडळी असतात, त्यांतला. त्याला गॅरेजवाल्यांकडून सुगावा लागला होता. खाटेवरच्या चादरीचा काठ वर झाला तेव्हा तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग म्हणाला, अशा गाड्या आपल्या देशात किती असतील ते मी बोटांवर मोजून दाखवतो, आणि त्यांतली चालती एकही नाही. फेब्रुवारीत लोणावळ्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. हिराबाईंनी गाडी आणायचं कबूल केलं. फॉर्म भरला. त्यात ‘मालकीचा पुरावा’ असा रकाना होता. तो त्यांनी कोरा सोडला.

प्रदर्शनाच्या सकाळी त्या लवकर पोचल्या. गाडी रिक्षात, पायांपाशी. ज्या मैदानावर चकचकीत मोटारी ट्रेलरवरून, दोरखंडांनी बांधून उतरवत होते, तिथं एका सत्तरीला टेकलेल्या बाईनं रिक्षातून मोटारसायकल ओढून काढली आणि दीड मिनिटात उभी केली. लोक जमले. फोन वर झाले. हिराबाईंनी हँडलचे स्क्रू आवळले, पदरानं टाकी पुसली. आयुष्यभर ज्या गोष्टीकडं लोकांनी सोय म्हणून बघितलं, तिच्याकडं आज ते तोंड उघडून बघत होते, आणि हिराबाईंना ते आवडत होतं. त्यांनी ते लपवलं नाही.

मग प्रदीपच्या माणसानं गाडीपुढं छापील कार्ड उभं केलं. हिराबाईंनी चष्मा लावला.

वर गाडीचं साल होतं. खाली तुंगार्लीच्या त्या पारशी घराण्याचं नाव आणि ‘यांच्या संग्रहातून’ असे शब्द. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘देखभाल: हिरा ओव्हाळ.’

देखभाल त्यांच्या वडिलांनी केली होती. बंगल्याची, बागेची, फाटकाची, दुसऱ्यांच्या लोखंडाची. त्या शब्दाशी हिराबाईंचं भांडण नव्हतं. पण तो शब्द आता एकोणीस वर्षांवर ठेवला होता, आणि त्याच्याखाली सगळंच मिटत होतं: पाणी, वाड्या, थर्मास, त्या स्वतः.

त्यांनी प्रदीपला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, परीक्षक यायच्या आत हे कार्ड बदललं तर गाडी राहील, नाहीतर रिक्षा बाहेरच उभी आहे. प्रदीप गडबडला. मालकीचा रकाना कोरा होता म्हणून त्यानं बंगल्यावर चौकशी केली होती. तिथं त्या पारशी गृहस्थांचा गाडीबरोबरचा फोटो निघाला. बंगल्याचे सध्याचे मालक होशंग इथंच आहेत, त्यांची आजोबांकडून आलेली लाल मोटारही प्रदर्शनात आहे, त्यांना बोलावतो. तो धावत गेला. हिराबाईंनी तोवर डावा हँडल सैल केला.

होशंग आला. पन्नाशी ओलांडलेला, सभ्य, गोरा माणूस. खोरशेदबाईंचा नातू. सुट्टीत गॅरेजभोवती खेळणारा एक मुलगा फाटकातून दिसल्याचं हिराबाईंना आठवलं. त्यानं हात जोडले आणि हसून म्हणाला की यात वादाचं काही नाही, गाडी तुमच्याकडंच राहू द्या, आम्ही कधीही परत मागणार नाही.

“राहू द्या म्हणायला ती तुमची असावी लागते, होशंगशेठ,” हिराबाई म्हणाल्या.

त्याचं हसू मावळलं, पण तो रागावला नाही. अवघडल्यासारखा बोलत राहिला. ग्रॅनीनं वापरायला दिली होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः बघितलंय. दर वर्षी मे महिन्यात भिमाजी ती आणून परत करायचे. आम्ही सगळे व्हरांड्यात असायचो. रात्री गाडी आमच्या गॅरेजात असायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचे. स्वतःची वस्तू कुणी दर वर्षी परत करतं का?

हिराबाईंचा हात स्क्रूवर थांबला. दहा जणांपुढं उभी केलेली वस्तू त्या दहांपैकी एकाच्या डोक्यात इतकी वर्षं उलटी उभी होती. भिमाजींनी साक्षीदार जमवले होते, आणि ते विरुद्ध बाजूचे निघाले होते.

“परत नव्हते करत,” त्या म्हणाल्या. “दाखवत होते. माळ्याच्या घरात अशी वस्तू आहे, उद्या कुणी म्हणायला नको की उचलली. म्हणून तुम्ही सगळे असताना आणायचे. मला लाज वाटायची. मी बाहेर उभी राहायचे.”

होशंग गाडीकडं बघत राहिला. प्रदीपनं घड्याळ बघितलं.

“पण ग्रॅनी चिडायची,” होशंग हळूच म्हणाला. “दर वर्षी. मला वाटायचं, चाकांनी लाद्या खराब होतात म्हणून. भिमाजींना म्हणायची…” तो थांबला. आठवताना त्याचं बोलणं खोरशेदबाईंच्या मोडक्या मराठीत गेलं. “‘भिमाजी, पोरीची चीज आहे ती. मला काय दाखवते? घेऊन जा, आणि पुढच्या वर्षी आणू नको.’”

कुठंतरी एक मोठं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

“हे दर वर्षी म्हणायच्या?” हिराबाईंनी विचारलं.

“दर वर्षी.”

“आणि तरी आबा आणायचे.”

“पुढच्या मे महिन्यात हजर.”

हिराबाई हसल्या. आधी थोडं, मग खांदे हलेपर्यंत. चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. “लय हट्टी माणूस,” म्हणाल्या. “मला एका शब्दानं बोलला नाही.” मग डावा हँडल वर घेतला आणि स्क्रू पुन्हा आवळला.

होशंगनं कार्ड उचललं. खिशातून पेन काढून आपल्या घराण्याच्या नावावर रेघ मारली. प्रदीपकडून दुसरं कोरं कार्ड मागवलं आणि विचारलं, असं लिहू का, हिरा ओव्हाळ यांची गाडी, खोरशेदबाईंकडून भेट?

“तुमच्या त्या लाल मोटारीपुढं लिहिलंय का, आजोबांकडून भेट?”

प्रदीपला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. होशंग मात्र मोकळेपणी हसला, मान हलवली, आणि कार्ड व पेन हिराबाईंच्या हातात दिलं. त्यांनी सीटवर कार्ड टेकवून लिहिलं, लसीकरणाच्या रजिस्टरात लिहीत तशा सुट्या, उभ्या अक्षरांत: हिरा भिमाजी ओव्हाळ. खाली गाव घातलं.

“आणि देखभालीपुढं काय घालायचं?” प्रदीपनं विचारलं.

“काही नको,” हिराबाई म्हणाल्या. “ती दिसतेय.”

तीन परीक्षक पाट्या-पेनं घेऊन रांगेच्या या टोकाला, हिराबाईंपाशी पोचले. पहिला वाकला, टाकी बघितली, चाकं बघितली, इंजिनाच्या पोटाखाली बोट फिरवून ते कोरडं असल्याची खात्री केली. कार्डाकडं न बघताच त्यानं गाडी कुणाची म्हणून विचारलं. प्रदीपनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. होशंगनं त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं.

“माझी,” हिराबाई म्हणाल्या, आणि साडीचा ओचा खोचायला लागल्या.